शेवटचा कर्णा मी वाजवला

नाताळ अंकासाठी बँडच्या आठवणी लिहून द्या, हलक्याफुलक्या असू द्यात, असा संपादकांचा निरोप आला. हलकं ते आधी सांगून टाकतो. जड जे आहे ते मागून येईल, आणि खरं सांगायचं तर त्याच्यासाठीच मी होकार दिला आहे.

मी नाशकात बँड चालवला. माझ्या हातात ट्रंपेट असे. लोक त्याला पिपाणी म्हणत आणि मला बँडमास्तर. पंचवटीतल्या गल्लीबोळांतून वराती, गणपतीच्या आणि जयंतीच्या मिरवणुका, आणि आमच्या ख्रिस्ती वस्तीतली मयतं, असा सगळा धंदा. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, खाली घरचीच पँट. कामाला आमच्यात 'सुपारी' म्हणतात. हा शब्द हल्ली बदनाम झाला आहे. माझ्या एका सुपारीला तो बदनाम अर्थच जास्त शोभतो, पण ते पुढे.

बाहेरच्यांना वाटतं की ट्रंपेट छातीच्या जोरावर वाजतं. छाती काय, लोहाराच्या भात्यालाही असते. वाजतात ते ओठ. ओठ घट्ट मिटून त्यांच्या फटीतून हवा सोडायची, ओठ थरथरतात, आणि पितळ तो थरथराट मोठा करून चौकभर पोचवतं. त्या ओठांना मागून टेकू देतात पुढचे दात. दात गेले की वाजवणारा संपला. शिवाय थंड वाद्य बेसूर बोलतं, म्हणून सुरू करण्याआधी आवाज न काढता त्यात नुसता श्वास सोडत बसायचं, म्हणजे पितळ तापतं. आणि बँडवाल्याची बोटं डोक्याला विचारून चालत नाहीत. हजार वेळा जिथे गेली तिथेच ती पुन्हा जातात. हे लक्षात ठेवा.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. आमच्या वस्तीत एक निवृत्त चित्रकला शिक्षक होते. त्यांनी स्वतःच्या मयताची सुपारी जिवंतपणीच दिली आणि तालीम बघायची म्हणून आम्हाला अंगणात बोलावलं. खुर्चीवर डोळे मिटून बसले, हात छातीवर. आम्ही मयताचं गीत सुरू केलं.

"ड्रम जरा मागे ठेवा," ते डोळे न उघडता म्हणाले. "मी काही पळून जात नाही. घाई कशाला?"

आम्ही ड्रम मागे ठेवला.

"प्रभूचा कर्णा वाजेल तेव्हा मी उठेनच, मास्तर. तोवर तुमच्या कर्ण्याने झोप मोडू नये, एवढंच बघायचंय."

इतक्यात आतून त्यांच्या बाई आल्या. "अहो, दूध नासलंय, दुसरं आणायचंय. तुमचं मरण आटपा आता!"

ही गोष्ट मी आजवर शंभर ठिकाणी सांगितली आहे आणि शंभर वेळा लोक हसले आहेत. दुसऱ्या कर्ण्याची गोष्ट एकदाच सांगितली. तीही यंदा.

दोन हजार साल लागायचं होतं तेव्हाची गोष्ट. आकड्यात तीन शून्यं आली की माणसाच्या पोटात गोळा का येतो कोण जाणे. पण त्या वर्षी जगबुडीचा धंदा जोरात होता. आमच्या वस्तीत ब्रदर नाथान नावाचे प्रचारक आले. पांढरा सूट, पांढरे बूट, पांढरी मोटार. येशूचं पुनरागमन म्हणजे दुसरं येणं अगदी दारात आहे, असं ते सांगत. दारात म्हणजे किती दारात, असं विचारलं की डोळे मिटून हसत. वस्तीमागच्या मैदानावर तीन दिवसांची सभा ठरली आणि ब्रदर माझ्या घरी चहाला आले.

"मास्तर, शास्त्रात लिहिलंय की प्रभू कर्ण्याच्या नादाबरोबर उतरेल आणि आपल्या माणसांना जिवंतपणीच वर उचलून नेईल. लोक हे वाचतात, पण ऐकत नाहीत. ऐकवायला पाहिजे."

"म्हणजे स्टेजवर वाजवू?"

"छे! स्टेजवर वाजवलं तर बँड होईल. दिसायचं नाही. वरून यायला हवं."

मैदान आणि आमची गल्ली यांच्यामध्ये एक अर्धवट बांधलेली इमारत होती. शेवटच्या दिवशी सूर्य मावळल्यावर मी तिच्या गच्चीवर बसायचं. ब्रदरचा माणूस मांडवाची वीज तोडेल, दिवे जातील, लाउडस्पीकर गप्प होईल. मग एकच लांब सूर. बस.

मी हो म्हणालो. त्याला मी 'परिणाम साधणे' असं नाव दिलं. नाटकात पावसाचा आवाज काढतात, त्यातलाच प्रकार, असं स्वतःला सांगितलं. फरक एवढाच, की नाटकाला आलेल्याला आपण नाटकाला आलो आहोत हे माहीत असतं.

त्या संध्याकाळी मी गच्चीवर पाण्याच्या टाकीआड बसून वाद्यात श्वास सोडत होतो. एका बाजूला मैदान गच्च भरलेलं. दुसऱ्या बाजूला आमची गल्ली, पार रिकामी. सगळी वस्ती सभेला. गल्लीच्या पूर्वेच्या टोकाला नाला, त्यावर लहानसा पूल, पलीकडे मोकळं रान.

दिवे गेले. मैदान चिडीचूप झालं. मी सूर लावला. आयुष्यात तसा सूर मी कधी लावला नव्हता. स्वच्छ, सरळ, न फाटलेला. दम संपेपर्यंत धरला. आणि सूर सुटतासुटता माझी बोटं, विचारल्याशिवाय, जिथे हजार वेळा गेली तिथे गेली. नवरदेव मांडवाच्या दारात पोचला की आम्ही सुरांची जी उडी घेतो, तिचे दोन सूर वाजून गेले. मी ट्रंपेट छातीशी धरलं.

पण ब्रदर नाथान कच्चे नव्हते. शास्त्रात प्रभूला नवरदेवही म्हटलं आहे. अंधारातून त्यांचा नुसत्या गळ्याचा आवाज आला, "ऐकलंत? वराची वरात निघाली आहे! ज्याला हा नाद ऐकून आनंद झाला, तो त्याचा. ज्याला धडकी भरली, त्याने समजावं की आपलं नाव तिथे नाही!"

लोक गुडघ्यांवर आले. मी वाद्य पिशवीत घातलं आणि सहज गल्लीकडे पाहिलं. एक बाई पांढऱ्या लुगड्यात पुलाकडे धावत होती. पुलावर थांबली, पूर्वेला आभाळाकडे पाहिलं, आणि वळून आली तशी परत पळाली, येतानापेक्षा जोरात. चालीवरून ओळखू आली. मला हसू आलं.

त्या सलोमीवहिनी. त्यांचा नवरा माझ्या बँडमध्ये मोठा ड्रम वाजवायचा, माझा दोस्त. तो गेल्यावर वहिनी एका वसतिगृहात स्वयंपाक करून अंथरुणाला खिळलेल्या सासूला सांभाळत होत्या. त्या संध्याकाळी सासूजवळ बसायला एकही शेजारीण नव्हती, म्हणूनच त्या सभेला गेल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर भेटल्या. रात्रभर झोप नव्हती, हे तोंडावर दिसत होतं.

"भाऊजी, काल ऐकलात?"

"ऐकला."

"मी पण ऐकला. आत्याबाईंना पेज भरवत होते. वरून आला हो, अगदी डोक्यावरून. बाहेर आले तर गल्लीत चिटपाखरू नाही. दारं उघडी. दारादारांत चपला पडलेल्या. समोरच्या घरात स्टोव्हवर डाळ शिजतेय, जवळ कोणी नाही. मी म्हटलं, गेले. सगळे गेले. मलाच ठेवलं."

"सभेला गेले होते सगळे, वहिनी."

"ते आता कळतं. डाळवालीही दोन मिनिटं डोकावायला गेली होती म्हणे. तेव्हा कुठे सुचतंय? आत्याबाईंना तशीच टाकून पुलापर्यंत पळाले. म्हटलं, अजून वर जाताना कोणी दिसलं तर पाय तरी धरीन त्याचा."

नळ त्यांच्या दारासमोरच. आतून सासूचा आवाज आला. अंग लुळं झालं होतं, जीभ शाबूत होती. "मला टाकून वर चालली व्हती! नाय घेतलं ना? लय बरं झालं! दोघी हायेत इथंच, बसा आता!"

वहिनी हसल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "ब्रदर म्हणाले म्हणे, ज्याला धडकी भरली त्याचं नाव नाही. मला धडकी भरली, भाऊजी. आणि आजारी माणूस टाकून मी पळाले. माझा निकाल लागला."

तिथे, त्या नळावर, मी एक वाक्य बोललो असतो तर पुढचं काही लिहावं लागलं नसतं. मी म्हणालो, "असं काही नसतं, वहिनी," आणि बादली उचलली.

का बोललो नाही? ब्रदरला शब्द दिला होता म्हणून नव्हे. नळावरच्या बायका म्हणत होत्या की देवदूतच होता, माणसाच्या तोंडून असा सूर येत नाही. मी तीस वर्षं वाजवत होतो. लोकांनी मला पिपाणीवाला म्हटलं होतं, 'ए बँड' म्हटलं होतं, नाचताना पाय देऊन वर 'सरक ना' म्हटलं होतं. देवदूत कुणी म्हटलं नव्हतं.

आमच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाचा विधी असतो. भाकरीचं ताट बाकाबाकावरून फिरतं. आपल्या मनाची परीक्षा करून प्रत्येकाने घ्यायचं. स्वतःला अपात्र समजणारा ताट पुढे देतो. त्या रविवारी वहिनींनी ताट पुढे दिलं. पुढच्याही महिन्यात दिलं. पाळक दर वेळी म्हणत, ही भाकर आपण तो येईपर्यंत खायची आहे. वहिनी मान खाली घालत. त्यांच्या हिशेबाने, त्यांच्यापुरता, तो येऊन गेला होता. आणि त्यांच्या मागच्या बाकावर, ज्या तोंडाने तो कर्णा फुंकला त्याच तोंडाने, मी भाकर खात होतो.

आमचे पाळक तेव्हा सिमोनराव होते, मनमाडच्या रेल्वेवाल्यांच्या घरातले. सभेनंतर वस्तीतली काही पोरं कामावर जाईनात, एकाने तर ठरलेलं लग्न पुढे ढकललं. तेव्हा सिमोनरावांनी बुधवारच्या संध्याकाळच्या वर्गात हाच विषय घेतला: अगदी पहिल्या ख्रिस्ती लोकांना काय वाटत होतं?

"त्यांना वाटत होतं, प्रभू आपल्या हयातीत येणार," ते म्हणाले. "भेटल्यावर, निरोप घेताना 'आमच्या प्रभू, ये' असं म्हणायचे. प्रार्थना पूर्वेकडे तोंड करून, कारण तो तिकडून येणार. मग एकेक माणूस मरू लागला आणि गडबड झाली. थेस्सलनीका गावची मंडळी घाबरली की आता मेलेल्यांचं काय? प्रेषित पौलाने पत्रातून कळवलं, काळजी करू नका, ते आधी उठतील. मग दुसरी गडबड. काहींनी कामच सोडलं. येणारच आहे तर नांगरायचं कशाला? पौलाने बजावलं, काम करायचं नसेल त्याने जेवूही नये."

पोरं खाली बघू लागली. मीही.

"पुढच्या काळात काळ्या समुद्राकडे एका पुढाऱ्याला स्वप्नं पडली. वर्षाच्या आत न्यायाचा दिवस. लोकांनी गुरंढोरं विकली, शेतं ओस टाकली, मुली लग्नाच्या थांबल्या. वर्ष सरलं. मुलींनी लग्नं केली, पुरुष शेतावर गेले, आणि ज्यांनी सगळं विकलं होतं ते भीक मागू लागले. सिरियातला एक पुढारी तर बायकापोरांसकट लोकांना घेऊन ओसाड रानात निघाला, प्रभूला सामोरं जायला. सुभेदाराला वाटलं दरोडेखोरच आहेत. त्याची बायको ख्रिस्ती होती म्हणून कत्तल टळली."

"म्हणजे साहेब, तो येणार नाही का?" कोणीतरी विचारलं.

सिमोनराव हसले. "मनमाड जंक्शनवर वाढलोय मी. गाडी लेट आहे म्हणजे रद्द नाही. पण लेट आहे म्हणून फलाटावर संसार मांडायचा नसतो, आणि न आलेल्या गाडीची शिटी तर मुळीच वाजवायची नसते."

मग त्यांनी जे सांगितलं, ते माझ्या उरात आजवर रुतून आहे. थेस्सलनीकात एक वेळ अशीही आली की लोकांना वाटलं, तो दिवस येऊनच गेला. ते अगदी गांगरून गेले. पौलाला लिहावं लागलं, की आमच्या नावाने कोणी काही सांगितलं किंवा पत्र आलं, तरी विचलित होऊ नका. म्हणजे पौलाच्या नावावर खोटं खपवणाऱ्यांची भीती तेव्हाही होती! माझा धंदा माझ्या समजुतीपेक्षा फारच जुना निघाला. कोपऱ्यात वहिनी बसल्या होत्या, गांगरलेल्या थेस्सलनीकाकरांसारख्याच. पौल तिथे नव्हता. मी होतो. मी गीतांचं पुस्तक उघडून त्यातल्या चाली बघत बसलो.

दोन हजार साल आलं आणि गेलं. ब्रदर नाथान काही वर गेले नाहीत. गावाबाहेर जागा घेऊन त्यांनी कुंपण घातलं, विहीर खणली आणि हापूसची कलमं लावली. ज्याला जग या वर्षी संपताना दिसतं, त्याने आंब्याला फळ धरायची वाट बघावी, ही श्रद्धा मला तरी झेपली नाही. पुढच्या वर्षीच्या सभेला त्यांनी मला पुन्हा बोलावलं. लाज सोडून सांगतो, मी गेलो. त्याच्या पुढच्या वर्षी मात्र बोलावणं आलं नाही. त्यांनी मुंबईहून कर्ण्याची रेकॉर्ड केलेली सीडी आणली होती. वरातीतून मला डीजेने काढलं, आणि स्वर्गातूनही.

वहिनींची सासू गेली. शेवटपर्यंत टोमणा तोच: "मला टाकून चालली व्हती." वर्षं गेली. ताट फिरत राहिलं, वहिनी ते पुढे देत राहिल्या. लोकांना वाटायचं, फार विनम्र बाई.

यंदा पावसाळ्यात वहिनी आजारी पडल्या. आताचे पाळक तरुण आहेत. ते घरी भाकर घेऊन गेले. वहिनींनी तोंड भिंतीकडे फिरवलं. पाळकांनी मला सहज विचारलं, "काका, तुम्ही त्यांना ओळखता. असं काय असेल त्यांच्या मनात?" मी म्हणालो, बघतो.

दुपारी गेलो. उशाशी स्टूल घेऊन बसलो.

"वहिनी, तो कर्णा मी वाजवला होता."

"कोणता?"

"दोन हजार सालाच्या आधीचा. त्या अर्धवट इमारतीच्या गच्चीवरून. ब्रदरने सांगितलं होतं."

त्या छताकडे बघू लागल्या. मग म्हणाल्या, "आणि शेवटी ते टँण-टँण?"

"वरातीचे सूर. बोटं घसरली."

"तरीच. मला वाटायचं, स्वर्गात असलं कसं वाजवतात." आणि एकदम उठून बसल्या. "म्हणजे इतकी वर्षं मी कोणाला भ्याले? तुम्हाला? ताल सोडला म्हणून ज्याला माझा नवरा भर वरातीत शिव्या घालायचा, त्याला?"

मी स्टूल थोडं मागे घेतलं.

"सांगितलं का नाहीत?"

"लोक देवदूत म्हणत होते."

"कोणाला?"

"मला."

त्यांनी माझ्याकडे नखशिखांत पाहिलं. त्या नजरेपुढे कुठल्याही देवदूताची पिसं झडली असती. "आहे का घरात ती पिपाणी? आणा. बघू दे मला कशाला भ्याले ते."

आणली. तोंडाला लावली. कवळीच्या आड ओठांना टेकू मिळेना. सायकलच्या चाकातून हवा जावी तसा आवाज आला, आणि माझी थुंकी तेवढी त्यांच्या चादरीवर पडली.

"एवढंच?" वहिनी म्हणाल्या. पण हसल्या नाहीत. पुन्हा आडव्या झाल्या. "कर्णा खोटा होता, भाऊजी. पण मी पळाले ते खरंच ना? आत्याबाईंना टाकून. ते काही तुम्ही वाजवलं नव्हतं."

मी समजत होतो, कबुली दिली की गाठ सुटेल. माझी सुटली असती. त्यांची जागच्या जागी होती. आणि तेव्हा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, त्या संध्याकाळचा उरलेला भाग मला नीट दिसला, ज्याला मी हसलो होतो.

"मी वरून बघत होतो, वहिनी. तुम्ही पुलावर थांबलात. वर पाहिलंत. आणि परत फिरलात."

"मग?"

"तेव्हा एकही माणूस सभेतून परत आला नव्हता. मैदानात अंधारच होता अजून. तुमच्या लेखी जग संपलं होतं, सगळे वर गेले होते. तरी तुम्ही म्हातारीकडे परत गेलात. जाताना पळालात त्यापेक्षा येताना जोरात पळालात. हे बघणारा मी एकटाच होतो, आणि तेही मी दाबून ठेवलं."

वहिनी स्वतःशीच पुटपुटल्यासारखं म्हणाल्या, "पेज तशीच राहिली होती. सांडेल म्हणून फिरले."

"पेजेसाठी का होईना."

"आत्याबाई हे बोलल्या नाहीत कधी. जाताना तेवढं बघितलं त्यांनी. येताना डोळे मिटले असतील." मग भिंतीकडे वळून म्हणाल्या, "जा आता. ती पिपाणी घेऊन जा. आणि हे सगळ्यांना सांगा. मला एकटीला सांगून सुटायचं नाही."

म्हणून हे लिहिलं आहे.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी वहिनी रिक्षाने आल्या आणि मुद्दाम माझ्या शेजारी येऊन बसल्या. ताट आलं. पाळक म्हणाले, तो येईपर्यंत. वहिनींनी भाकर उचलली, तोंडात टाकली आणि ताट माझ्यापुढे धरलं. मी मनाशी ठरवून आलो होतो की आता न घेण्याची पाळी माझी. मी मान खाली घालून ताट पुढे सरकवू लागलो. तेही छान दिसलं असतं.

त्यांनी ताट सोडलं नाही. "घ्या गुमान," त्या कुजबुजल्या. "आता तुमचं नवं नाटक नको."

मी घेतली. कवळीने चावायला वेळ लागतो. ताट पुढच्या बाकावर गेलं, गीत सुरू झालं, सगळे उठून उभे राहिले. वहिनी मात्र बसून राहिल्या, माझा घास गिळून होईपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत.